शीळ कुणाच्या नावे

पहाटेच्या त्या शिळेत विनोदिनीचा फायदा काय होता, ते आधी पाहू. प्रेमाच्या गोष्टीत असला हिशेब सुरुवातीला कुणी मांडत नाही, म्हणून तर शेवटी एवढी तूट निघते.

शीळ आपल्यासाठी आहे असं धरलं, तर विनोदिनीच्या पदरात बरंच पडत होतं. बेळगावाशेजारच्या अनगोळातल्या तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्नं ठरली होती, एकीचं तर मोडून पुन्हा ठरलं होतं. पण कुणासाठी कुणी शीळ घातली, असं एकीच्याही नशिबात आलं नव्हतं. शिवाय धारवाडचं एक स्थळ दिवाळीनंतर तिला पाहायला येणार होतं. त्या स्थळाबद्दल घरात जे बोललं जाई, ते सगळं त्याच्या नोकरीबद्दल. आणि नोकरी काही शीळ घालत नाही. राहिली शेवटची गोष्ट. ती तिनं आरशालाही सांगितली नव्हती... शीळ घालणारा कोण असावा, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिच्या वडिलांच्या, म्हणजे वकील आप्पांच्या, घरामागं परस, परसात विहीर, विहिरीपलीकडं दगडी काठाचा ओढा आणि ओढ्यापलीकडं मारुतीचं देऊळ. देवळाच्या ओवरीत रघुवीर राहायचा. निपाणीचा, वडील नसलेला, बेळगावच्या कॉलेजात इंटरला. तो वार लावून जेवायचा. म्हणजे सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असा पोटाचा सगळा आठवडा लोकांच्या चुलींवर वाटून दिलेला. एक घर नाही म्हणालं की तो दिवस कोरडा. गुरुवार वकिलांकडे होता.

गुरुवारी तो यायचा, पाय धुवायचा, पानावर बसायचा आणि मान खाली घालायचा ती पानावरून उठेपर्यंत.

"भात वाढू?" विनोदिनी विचारायची.

"नको."

"वरण?"

"पुरे."

"तुमच्याजवळ दोनच शब्द आहेत वाटतं... नको आणि पुरे."

"तिसरा पण आहे," तो पानाकडंच बघत म्हणाला.

"कुठला?"

"तूप."

स्वयंपाकघरातून आत्या खोकली. राजाबाई आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिचं खोकणं हे अख्ख्या घराचं दार लावल्यासारखं असे. विनोदिनीनं ओठ दाबले, तुपाची धार जरा लांबवली आणि हळूच विचारलं, "हल्ली पहाटे लवकर उठता म्हणे?"

त्याचे कान लाल झाले. "धोतर धुवायचं असतं."

"रोज?"

"पाऊस आहे की. वाळत न्हाय... मग परत धुतो. आणि तुम्ही?"

"मी पाणी काढायला येते."

"रोज एवढं पाणी?"

"पाऊस आहे की," ती म्हणाली.

उत्तराला काही अर्थ नव्हता, आणि दोघांनाही तो नको होता. दोघांना जे समजायचं ते समजलं. निदान तसं वाटलं.

ती शीळ होतीच तशी. सन छत्तीसचा श्रावण. पहाटे झिमझिम चाललेली, विहिरीच्या रहाटावर पाण्याचे मणी, आणि ओढ्याच्या अंगानं ती यायची. आधी खालच्या सुरात, झोपेतून उठून कुणी चाल आठवत असल्यासारखी. मग वर चढायची, वळायची, लाडात यायची... आता सम येणार म्हणून हात उचलावा, तर भलत्याच वाटेनं जाऊन मध्येच तुटायची. विनोदिनी बुवांकडे गाणं शिकलेली. भूप म्हणावा तर नको तो सूर लागतो, दुर्गा म्हणावा तर तोही नाही. 'गाण्यात कच्चा आहे बिचारा,' असं म्हणून तिनं सगळं माफ केलं होतं. ज्याला एरवी दोनच शब्द बोलता येतात, तो पहाटे एवढं सगळं बोलतो, या विचारानंच तिच्या हातातली घागर वाजायची. ती केस विंचरून जाऊ लागली. मग अबोलीचा गजरा माळून.

आणि तिथंच आत्यानं तिला गाठलं.

"विने! अंधाराचं विहिरीवर काय गं? आणि केसात अबोली... ती कुणाला दाखवायला?"

नेमकी तेव्हाच ओढ्याकडून शीळ आली. लांब, गोड, निलाजरी.

आत्याचा चेहरा बदलला. विनोदिनीजवळ खरं तेवढं होतं: 'मी ही ऐकायला येते, आत्या.' पाचच शब्द, पण त्यांच्यासाठी तिची जीभ वळेना. आणि दुसरं एक वाक्य मात्र जिभेवर तयार होतं. ज्याची किंमत आपल्याला भरावी लागत नाही, ते वाक्य नेहमीच आधी तयार असतं.

"तो... ओवरीतला रघुवीर. रोज शीळ घालतो. मी जाब विचारायला आलते."

"अबोली माळून?"

"ती कालची आहे!"

अबोली ताजी होती. पण आत्याला शीळ मिळाली होती, फुलाकडं आता कोण बघतो.

पुढचं काम आत्यानं कीर्तनात केलं. वाराच्या पोराला कुणी तोंडावर नाही म्हणत नसतं. त्याची एक रीत असते. सोमवारी जयाबाईंनी दारातूनच सांगितलं, "अरे, आज आमच्याकडे सगळ्यांचा उपास." मंगळवारच्या घरात चूल बिघडली. बुधवारी तर दारच उघडलं नाही, आत भांडी वाजत होती तरी. रघुवीरनं मारुतीपुढचे फुटाणे खाल्ले, वर विहिरीचं पाणी प्याला. आपलं काय चुकलं, हे विचारायला दार तरी उघडं लागतं.

गुरुवारी तो वकिलांकडे आला तेव्हा पान मांडलेलं होतं. पण त्याला आधी ओसरीवर उभं केलं. आप्पा झोपाळ्यावर. त्यांनी आयुष्यभर कोर्टात जे केलं तेच घरात केलं.

"रघुवीर, पहाटे परसामागं शीळ वाजते. खरं की खोटं?"

"खरं."

"कोण घालतं?"

रघुवीरनं मान वर केली. त्या घरात पहिल्यांदाच. त्याची नजर आप्पांच्या खांद्यावरून माजघराच्या दाराशी गेली, तिथं विनोदिनीच्या लुगड्याचा काठ दिसत होता. तेवढ्या काठाकडं तो क्षणभर बघत राहिला.

"मीच," तो म्हणाला.

आप्पांना कबुली इतकी स्वस्तात मिळायची सवय नव्हती. "घालून दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं ओठांचा चंबू केला. "फू..." नुसती हवा. पुन्हा केला, गाल फुगले, कपाळाची शीर वर आली. "फूऽऽ..."

"बघ, बघ! माझ्या तोंडावर शीळ घालतोय मेला!" आत्या कडाडली.

"शीळ कुठाय? वारा आहे नुसता," आप्पा पुटपुटले. "पण असो. कबुली आहे तिथं पुरावा लागत नाही. या तुम्ही."

आत्यानं मांडलेलं पान उचललं आणि भातवरणासकट गाईपुढं ठेवलं. रघुवीरनं ते पाहिलं. विनोदिनीनं त्याला ते पाहताना पाहिलं.

दाराआड ती तशीच उभी राहिली. याला शीळ घालता येत नाही. जन्मात कधी आली नसेल. मग हो का म्हणाला? लाज तळपायातून वर चढते हे तिनं ऐकलं होतं. तिची मात्र पोटातून आली, भुकेसारखी. खोटं बोललो याची लाज होतीच. तिच्याखाली अजून एक होती, जास्त जळजळीत... की ती शीळ त्याची असावी असं आपल्याला हवं होतं, आणि त्या हवं असण्याची शिक्षा आपण त्याला दिली.

दुसऱ्या पहाटे ती केस न विंचरताच विहिरीवर गेली. पलीकडच्या काठावर रघुवीर. हातात पिळलेलं धोतर, तोंडात राखुंडी. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही एकदमच मागं वळणार...

तेवढ्यात शीळ आली.

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. ते राखुंडीनं काळं, फेसानं भरलेलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड आश्चर्यानं उघडं, आणि उघड्या तोंडानं काही कुणी शीळ घालत नाही. मग दोघांनी खाली पाहिलं. काठाच्या दगडांत, पाण्याला लागून, एक काळंसं पाखरू बसलं होतं. पारव्याहून लहान, शेपटी उघडत मिटत. उजेडाची तिरीप आली तशी त्याच्या खांद्यावर निळी झाक चमकली. आणि गळा हलला.

रघुवीरनं चूळ थुंकली. "म्हणजे... तुम्ही नव्हता?"

"मी? मी कशाला शीळ घालीन?"

"मला वाटायचं, तुम्हीच घालता."

घागर खाली ठेवत ती म्हणाली, "म्हणून काल आप्पांपुढं..."

"मग काय तुमचं नाव सांगू? वकिलांची मुलगी परसात शीळ घालते म्हणून? धारवाडपर्यंत जाईल की ते." तो जरासा हसला. "मला काय, मी बाप्या माणूस. एक गोष्ट तेवढी कळली न्हाय... आत्याबाईंना माझं नाव कुणी सांगितलं?"

आता तिला खोटं बोलायलाही जागा नव्हती. तो इतक्या साध्या आवाजात विचारत होता.

"मी."

त्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. मग आणखी एक. एवढा वेळ चूळ कुणी भरत नाही. धोतर खांद्यावर टाकून म्हणाला, "बरं."

"रागवा तरी!"

"उपाशीपोटी राग धरवत न्हाय हो. उद्या शनिवार. हरिभाऊंकडं जेवतो नि दुपारच्या मोटारीनं निपाणीला जातो. मामाची तंबाखूची वखार आहे."

"आणि इंटर?"

"वखारीत इंटर लागत न्हाय."

हरिभाऊंचा शनिवार तेवढा शाबूत होता, याचं कारण हरिभाऊ बहिरे होते. रुक्माबाईंना नवऱ्याला काही सांगायचं तर गल्लीला सांगावं लागे, म्हणून ही बातमी त्यांनी पोटातच ठेवली होती.

"मी सांगते सगळ्यांना," विनोदिनी घाईनं म्हणाली. "पाखरू आहे म्हणून."

"कुठलं पाखरू? नाव काय त्याचं? मारुतीच्या ओढ्यात माणसागत शीळ घालणारं पाखरू... तुमचे आप्पाच पहिले हसतील."

"हरिभाऊंना ठाऊक असेल. सगळी नोकरी जंगल खात्यात झाली त्यांची, खानापूर-जांबोटीकडं."

"असेल. पण ऐकवणार कोण त्यांना? मी?" आणि त्यानं ओठांचा चंबू केला. "फूऽऽ..."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. तो पाठ फिरवून गेला. ती मात्र तिथंच बसली, पदरानं डोकं झाकून, त्या पाखरासमोर. ते एक ओळ म्हणे, ती ओठ मुडपून हलकेच उचले; चुकली की पुन्हा. बुवांनी शिकवलेले सगळे सूर त्या दिवशी असे वाह्यात कामाला लागले.

त्या दुपारी हरिभाऊंकडेच श्रावण शुक्रवारचं हळदीकुंकू होतं. फुटाणे, मसाल्याचं दूध, आणि माजघरात सगळ्या वारांच्या बायका: उपासवाल्या जयाबाई, बिघडलेल्या चुलीवाली, बंद दारवाली. शालूबाईही होत्या, धारवाडचा नोकरीवाला त्यांचाच भाचा. राजाबाई आत्या मध्ये बसून शिळेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. प्रत्येक वेळी शीळ थोडी लांब होत चालली होती.

हरिभाऊ ओसरीवर आरामखुर्चीत, कानाला लावायचा पितळी कर्णा मांडीवर घेऊन. विनोदिनी हळदीकुंकू लावून घेऊन उठली ती थेट ओसरीवर गेली. तिनं तो कर्णा उचलून त्यांच्या कानाला लावलं. माजघराचं दार उघडं होतं. तिनं ते लावून घेतलं नाही, हे लक्षात ठेवा.

आणि वकिलांच्या मुलीनं, कपाळावर ओलं कुंकू असताना, भर दुपारी, शीळ घातली.

खालून सुरू केली, चढवली, वळवली, आणि पाखरू तोडायचं तिथंच तोडली. माजघरात फुटाणा वाजायचा थांबला.

हरिभाऊंनी डोळे मिटले होते. "पुन्हा," ते म्हणाले. तिनं पुन्हा घातली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. बहिऱ्यांना आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते जे बोलले ते ओढ्यापलीकडंसुद्धा गेलं असेल.

"अगं, हा तर कस्तूर! शीळ घालणारा कस्तूर! जांबोटीच्या ओढ्यात असायचा. हिकडं कुठं आला वाट चुकून? इतकी वर्षं झाली गं ऐकून... पहिल्या मुक्कामाला पहाटे शीळ आली, तर मी शिपायाला झापलं होतं, लाज नाही वाटत म्हणून! अन् तो बिचारा झोपेत होता. साहेब लोक तर त्याला शाळकरी पोरगंच म्हणायचे. माणूस समजून फसला नाही असा कुणी नाही त्याला!"

"ऐकलंत?" विनोदिनी दारात येऊन म्हणाली. "रघुवीरनी शीळ घातली नव्हती. मी खोटं बोलले."

"पाखरू तर पाखरू," आत्या सावरत म्हणाली. "चुकली पोर. माणूस समजून फसलीस, असं म्हण नि बस खाली."

आत्या निसटायचं दार दाखवत होती. आत शिरलं असतं तर निम्म्या लाजेत सुटका होती. विनोदिनीनं शालूबाईंकडं पाहिलं, मग खाली जमिनीकडं.

"फसले नाही, आत्या. जाब विचारायला गेलेच नव्हते मी. ऐकायला जात होते. अबोली कालची नव्हती. शीळ त्यांची असावी असं... मला हवं होतं. तू पकडलंस तेव्हा ते सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांचं नाव घेतलं. आणि त्यांनी माझं नाव निघू नये म्हणून हो म्हटलं."

शालूबाईंनी दुधाचा पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला. "येते हं, रुक्माबाई," त्या म्हणाल्या. आणि धारवाडचं स्थळ त्यांच्याबरोबर ओसरीच्या पायऱ्या उतरून गेलं.

आप्पांना रात्री सगळं कळलं. त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. मग म्हणाले, "कबुली आहे तिथं पुरावा लागत नाही. नियम माझाच आहे. सोडा त्या पोराला." आणि कुणाकडंही न बघता, "उलटतपासणी घ्यायला हवी होती मी. ते दार उघडं होतं, काठ दिसत होता... माझ्याच पाठीमागं."

शनिवारी रघुवीर ओवरीत गाठोडं बांधत होता. विनोदिनी ओढ्याच्या अलीकडच्या काठाशी उभी राहिली. दोघांमध्ये गढूळ पाणी.

"हरिभाऊ सांगत होते," तो म्हणाला. "म्हणजे ओरडत होते. तुम्ही शीळ घातलीत म्हणे."

"घातली."

"सुरात?"

"पाखराइतपत."

तो गाठोड्याची गाठ सोडत बसला. आवळत नव्हता, सोडत होता, तिला दिसलं. "मला राग आलाय," तो म्हणाला. "आता पोट भरलंय. म्हणून आलाय."

"किती आलाय?"

"गुरुवारपर्यंत पुरंल."

"आणि गुरुवारी?"

"ते... तूप किती वाढता त्यावर." मग आवाज खाली आणून, "ती अबोली... खरंच माझ्यासाठी होती?"

"पाखरू कुठं ठाऊक होतं मला तेव्हा?" ती म्हणाली, आणि पळाली.

पण गुरुवारी त्याला पान मिळालं नाही. आत्यानं ओसरीवरच अडवलं.

"वार बंद," आत्या म्हणाली. "अनगोळभर शीळ झाली आहे, आता झाकायचं काय राहिलंय? जावयाला कुणी वार लावून जेवायला घालतं होय रे? इंटर हो, नोकरी बघ. तोवर रोजच्याला ये. आणि मान वर करून जेव!"

आता हिशेब. शालूबाईंचा अर्धा पेला दूध गेलं आणि एक भाचेसून गेली. जयाबाईंना एका सोमवारी दोन भाज्या करून त्याचं केळवण करावं लागलं, उपास कुठला कुणाला आठवेना. आप्पांचा एक निकाल फिरला. रघुवीरचे पाच दिवस भुकेचे गेले, वर एक खोटं नाव लागलं. त्याचं ते निपाणीच्या सुनेनं, म्हणजे विनोदिनीनं, भरून दिलं असं सगळे मानतात. कस्तूर दसऱ्याच्या आत निघून गेला. ज्यानं शीळ घातली, त्यानं कुणाला काही दिलं नाही.

विनोदिनीचं खातं मात्र मिटलं नाही. लग्नानंतर ती गुरुवारचा उपास करू लागली. निपाणीत सगळ्यांना वाटलं दत्ताचा. नवऱ्याला ठाऊक होतं तो कुणाचा. गाईपुढं गेलेल्या एका पानाचा. संध्याकाळी तो तिच्यासमोर ताट सरकवी आणि म्हणे, "झालं की गं आता. फिटलं."

"नको," ती म्हणे.

"अगं, पुरे."

मग तो तिच्या भातावर तूप वाढी, जरा लांब धार धरून. आणि ती मान खाली घालून जेवायची.